भाषेची चूक

(१९३४. फिलिपाइन्समधल्या पंपांगा प्रांतातलं एक गाव. नगरपालिकेचा चिटणीस फर्मिन म्हाताऱ्या सेबियाच्या स्वयंपाकघरात कागद घेऊन बसला आहे.)

— अंगठा देणार नाही, एकदा सांगितलं ना!

— अपू, आजी, ऐका तरी. जनरल व्हिलारोसांचा पुतळा उभारतोय. अमेरिकनांशी झालेल्या युद्धात त्यांचं जेवण तुम्हीच रांधत होता. तुमच्याशिवाय साक्षीला आता आहे कोण?

— भात जरा करपला की ताट भिरकावायचा. लिही ते!

— तापट होते, मान्य. पण बाकीचे पळाले तरी ते अमेरिकनांपुढे तीन महिने टिकले.

— टिकला. वाघच होता. पण माझ्या नवऱ्याला, दोरोला कुणी मारलं? अमेरिकनांनी?

— ते... फितुरीचं प्रकरण होतं ना?

— फितुरी! पुलाच्या चौकीवरून एकटा जिवंत परतला, खांद्यात गोळी घेऊन. जनरलनं विचारलं, 'शत्रू आला तेव्हा काय केलंस?' हा आपल्या बोलीत म्हणाला, 'लुपा दाखवली.' लुपा म्हणजे काय रे?

— तोंड.

— तोंड दाखवलं, पाठ नाही दाखवली, एवढंच म्हणायचं होतं त्याला! पण जनरल मनिलाचा. त्याच्या तागालोगमध्ये?

— लुपा म्हणजे... जमीन. अरे देवा.

— शत्रूला जमीन दाखवली! पुढचा शब्द ऐकून घेतला नाही. चर्चच्या भिंतीशी उभा केला. मी तेव्हा भात उतरवत होते.

— कुणी समजावलं नाही?

— दुभाष्या शेजारीच होता. तुझा आजा! हूं की चूं केलं नाही.

— आजोबा?... कधी बोलले नाहीत.

— कशाला बोलेल? आणि महिन्याभरात जनरलला त्याच्याच कप्तानांनी गोळ्या घातल्या. ते पुढे अमेरिकनांचे फौजदार झाले. प्रेताला हात लावायला कुणी धजेना. मीच धुतलं.

— तुम्ही?

— लढला होता रे आपल्यासाठी. तेही खरंच आहे. वाच, काय लिहिलंय कागदात?

— 'जनरलांनी शिक्षा केली ती केवळ फितुरांना.'

— खोड ते.

— पुतळा-समितीनं मंजूर केलंय, अपू.

— मग समितीनंच द्यावा अंगठा!

— अध्यक्ष चिडतील. नोकरी जाईल माझी.

— माझा नवरा गेला, फर्मिन.

— ...खोडलं. बघा.

— मला कुठं वाचता येतंय? खोडलंस म्हणतोस ना? आण इकडे शाई.

— इथं, उजवीकडे. झालं. येतो मी.

— बस. पेज घेऊन जा. आणि नोकरी गेलीच, तर दुपारी इकडेच येत जा जेवायला.