ताटलीवरचं नाव

माझं म्हायेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. लगीन होऊन आले कुंडलकडं, उसाच्या मुलखात. नाचणीची भाकरी सुटली, जोंधळ्याची आली, पर बायांनी मागनं जेवायचं ते हितंबी तसंच. मालक मिलिटरीतनं सुभेदार म्हनून रिटायर होऊन आल्यालं, त्येंचं सारं टायमावर आन् गरम. ल्योकबी मिलिटरीतच. मी आन् सून, उरल त्यात दोगी.

तर मागं शेरातनं आरोग्याच्या पोरी आल्या. बाया काय खात्यात त्ये बगायचं म्हनल्या. माज्या मोबाईलात ॲप घातलं. मावशी, जेवायच्या आदी ताटाचा फोटू काढायचा, बास, तुमचं नाव कुटं येनार न्हाई. मी म्हनलं बरं. जे हाय त्ये काढायची, खोटं कशाला.

मग समाजमंदिरात मीटिंग लावली, बाप्ये खुर्चीवर, बाया खाली. आन् काय सांगू तुमाला, भितीवर एकेक ताट मोठं करून दावाय लागल्या. एक ताटली आली. शिळी अर्दी भाकरी, कडंला चटनी, बाकी मोकळी. मोकळी हुती म्हनूनच मदी खोदल्यालं नाव लख्ख वाचाय आलं, चि. शालन, मामाकडून सप्रेम भेट. पोरीनं तोंडावर हात घेतला, पर बाप्ये हासलं. एक जन म्हनतोय, सुभेदारांच्या घरातलं रेशन सपलं वाटतं. माज्या लग्नातली ताटली ती; मी पदर तोंडावर वढला आन् उठले.

घरी मालक म्हनलं, माजी अब्रू घालवलीस. मी म्हनलं, आवं, तुमी जेवल्यावर जे ऱ्हातंय त्येच काढलं की. तर त्ये म्हनलं, उद्यापासनं चांगलं वाढून काढ. दुसऱ्या दिवशी सोता उबं ऱ्हाऊन वाढाय लावलं, अंडी, भाजी, भात, ताक. फोटू काढला. मी घास मोडाय हात घातला, तर ताट आपल्याकडं वढलं आन् बसलं जेवाय. फोटू झाला न्हवं, म्हनलं. शी! चारचौगात नाव दावलं त्येची आली न्हवती एवडी किळस मला त्या चावायच्या आवाजाची आली.

ॲप मी तितंच काढून टाकलं. पोरी आल्या, माफी मागितली, परत सुरू करा म्हनल्या. न्हाई म्हनलं. लय बगितलंसा तुमी माजं ताट.

आता मी मालकांबरूबरच बसते. कोन बोलवत न्हाई, मी बसते. पयल्या दिवशी सुनंला म्हनलं, तूबी घे गं वाढून. मालक उठून भाईर गेलं. अजून कवा कवा जात्यात. जाऊ द्यात. देव त्यास्नी लय आयुष्य देवो, पर भाकरी खाताना माज्याम्होरं तोंड वाकडं करू न्हाई.