पाच ते सव्वापाच

१९९९ साली साताऱ्यातल्या चारुलताताईंच्या इंटरनेटच्या दुकानात मी नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी उंब्रजचे लालासाहेब आणि त्यांची सून बसली होती. मुलगा जयराज शांतिसेनेतल्या पलटणीबरोबर लेबनॉनला होता.

“राजेश्वरी, किती वाजलं?”

“पावणेपाच, आबा. कंप्यूटरवर दिसतंय की.”

“आपल्या पाच ते सव्वापाचच त्येला तिकडं चॅटिंगला मशीन मिळतंय. मागचं दोन ऐतवार आपुन पाचला बसलो, त्यो आलाच न्हाई.”

“काम निघालं आसंल.”

“का तुज्यावर रागावलाय म्हनून येत न्हाई?”

“चारुलताताई, ह्यो टाइम बरोबर हाय न्हवं?”

“बघते. कालच एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवलाय. इंटरनेटवरून खरी वेळ घेऊन तो कंप्यूटरचं घड्याळ लावतो. हं, झालं.”

“आगं, पाच वाजून सात मिन्टं!”

“अहो, म्हणजे हे बावीस मिनिटं मागं होतं.”

“म्हंजी त्यो दोन्ही ऐतवारी वाट बघून गेला. ताई, लवकर लावा!”

“लावलंय. बसा. जयराजचंच नाव ना हे?”

“काय लिवलंय गं त्येनं? वाच की!”

“‘तू येईनाशी का झालीस? माझं काय चुकलं?’”

“काय न्हाई चुकलं म्हनावं. आदी त्येवढं लिव, पोरी.”