शिरेच्या दारावरची ये-जा

...नाही, पण मला एक सांगा, नुसतं ओट्यावर बसून माणसाचा पाय बधिर होतो? माझा झाला! तुम्हाला सांगतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायको मंजुळा माहेरी भडगावला गेली ती गेलीच. आखाजी सरली, लेकी सासरी परतल्या, सुना माहेराहून आल्या, अन् ही म्हातारी तिकडेच! भाकरी मिळते हो, सून तूपही घालते, पण "किती खाता!" म्हणून ओरडायला कोण? आणायला जावं, तर या वयात लोक काय म्हणतील? म्हणून आपला रस्त्याकडे बघत निवांत बसलेलो!

नातू मोतीलाल, मुंबईला डाक्तरकी शिकतो, माझा पाय चोळत म्हणतो, "आबा, शीर दबली. नाहीतर निवांत शीरसुद्धा गप्प नसते बरं!" झालं, लागला शिकवायला! म्हणे शिरेच्या आत पोटॅशियम दाटलेला, आपल्या केळीच्या राखेत असतो तो. बाहेर मिठातला सोडियम. शिरेच्या पापुद्र्याला दारं, ती पोटॅशियमला उघडी, सोडियमला जवळजवळ बंदच. आत गर्दी, म्हणून पोटॅशियम बाहेर सटकतो... पण जाताना जो तो आपली चिमूटभर वीज घेऊन जातो, आत उणं पडतं, अन् ते उणंच त्याला मागे ओढतं! शेवटी जितके जातात तितके परत येतात. अन् सोडियम? तो चोरून आत शिरतो, त्याला कोणीतरी सारखं बाहेर हाकलतं. "कोण रे?" "ते अजून विलायतेतल्या साहेबालाही नीट सापडलं नाही, आबा." आणि म्हणे निवांत!

मी म्हटलं, "मोत्या, आतलं उणं ओढतं, तर तुझी आजी का येत नाही?"

"आबा, ओढ तिला कळू तर द्या!"

गेलो! पाचोऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी, हाडं खिळखिळी! दारातच मंजुळा. "कसाले उनात?" म्हणजे, का आलात!

आता काय सांगू? म्हटलं, "पाय बधिर झाला."

"मंग चालत कसा उनात?" हसली हो... "तुमनी वाट देखी देखी डोया थकनात!"

"मग निरोप का नाही धाडला?"

"या वयमा? लोके काय म्हनतीन!"

घ्या! तेवढ्यात मेहुणा झुलाल माझी पिशवी उचलून आत, "दाजी, उनात तं ऱ्हा निवांत!" आणि म्हणे निवांत! तेव्हापासून त्याच्या ओट्यावर बसलोय. रोज निघतो, रोज हा गाडीचे बैल सोडून ठेवतो. ओढणाराच बाहेर येऊन बसला... आता आम्हा दोघांना आणायला कोण येणार, सांगा!