चांदणीची मालकीण

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, नाशिकच. जयराम शेटचं दुकान. गोजराबाईच बोलते मी… हां, जोडा बाई, जोडा.

…केरू? मोठ्यानं बोल रे, नुस्ती खरखर येऊ राहिली… हां, आता आलं. भाभी, तेवढा रेडिओ बारीक करता का? अलिबागहून ट्रंककॉल हाय, भावाचा.

हां, बोल… मी बरी हाय, माझं काय घेऊन बसलास. तू कधी निघतोस ते सांग. झाली ना दिवाळीची सुट्टी, पुरे झालं आता समुद्रावर पोरं फिरवणं. काल तुळशीचं लग्न लागलं, आता आपलं काम सुरू. सायखेड्याचे लोक येऊन गेले, नवरदेवाला पांढरी घोडीच पायजे म्हणतात. मी चांदणीचा शब्द देऊन बसले. ट्रकवाल्या पुंजारामला पण सांगून ठेवलंय… का?… का नाय येणार?

कुठून बोलतोस तू?

…पोलीस ठाण्यातून?

थांब. नीट सांग, घाई करू नको… हो, हो, हवालदार उभा असंल तर असू दे. काय झालं?

चांदणीवरून पडली?… कोणाची पोरगी?… पुण्याची, सुट्टीला आलेली. केवढी?… आई गं.

पण चांदणी कशी पाडंल, केरू? वरातीत नवरदेवाच्या पुढ्यात पोरंच बसवतो ना आपण. आजपर्यंत एक पोर खाली आलं नाय तिच्यावरनं… हो, हो… अरे ऐक ना. लाटांना बुजली का?… मग?

वाजंत्री?

वाळूत कुठून आली वाजंत्री?… हॉटेलवाल्याकडं तुळशीचं लग्न. बरं… अन् एकदम तुमच्या पाठीमागंच सुरू झाली.

अरे देवा.

कापूस कुठं होता? केरू, तिच्या कानातला कापूस कुठं होता? जाताना मी माझ्या हातानं घालून दिला, म्हणलं तिथं पोरं बसणार, तिला वाजंत्रीचा आवाज जायला नको… काढला? का काढला?… घामानं भिजला होता… हो, डोकं झटकत असंल, खाऱ्या हवेत नकोसं होत असंल तिला. तरी पण काढायचा नाय ना रे… बरं. बरं, राहू दे आता. रडू नको. पुढं सांग.

हां… नाचायला लागली. लागणारच, तिला वाटलं वरात निघाली… अन् पोरगी?… हसत होती?

…तिला गंमत वाटली असंल.

मग तू लगाम आखडला नाय का?… आखडला. हळूहळू बाजूला घेत होतास. बरोबर केलंस, तसंच करायचं असतं. मग पडली कशी?

कोण आला धावत?… तिचा बाप. घाबरला असंल बिचारा, त्याला काय म्हाईत घोडी नाचते म्हणून… हो… काठी? तुझी काठी तर तुझ्याकडं… वाळूत पडली होती. अन् त्यानं उचलली.

केरू, कुठं मारली त्यानं? पाठीवर का पायांवर?

…पुढच्या पायांवर.

तू वरडला नाय का, काठी लावू नका म्हणून?… वरडलास… वाजंत्रीत काय ऐकू जाणार. मग ती उभीच राहणार की रे. तुझ्या दाजींनी दोन हिवाळे तेवढंच शिकवलं तिला. वाजंत्री चालू, नवरदेव मांडवाच्या दारात, पुढच्या पायांना काठी टेकली की दोन पायांवर उभं राहायचं. ती हुकमाची घोडी. तो बिचारा खाली ये म्हणून मारतोय अन् तिला वाटतंय, आणखी वर, आणखी वर.

हां… पोरगी मागं घसरली… अन् चांदणीचा पाय… नको. नको सांगू ते.

आता कशी हाय ती?… दवाखान्यात नेली ना लगेच?… केरू?… अरे बोल ना.

कधी?

…पहाटे.

…हाय, हाय मी. लाइनवर हाय. भाभी, जरा ते पोतं सरकवा, बसते… नाय, पाणी नको… केरू, नाव नको सांगू मला तिचं.

हॅलो… कोण? नाय ऑपरेटरबाई, तोडू नका, बोलणं चालू हाय आमचं. अजून तीन मिनिटं वाढवा… हो, वाढवा.

केरू, तुला मारलं का लोकांनी?… खरं सांग… डोळ्याला?… दिसतंय ना त्या डोळ्यानं?… अन् सोडवलं कुणी?… त्यानं? पोरीच्या बापानं?… पोर मांडीवर घेऊन बसलेला, अन् तिथून म्हणतो, त्या माणसाला मारू नका?

…असा कसा माणूस.

बरं, आता माझं ऐक. ठाण्यात तू काय सांगितलंस?… घोडी बिथरली, माझ्याच्यानं आवरली नाय. एवढंच?… अन् काठीचं?… का नाय सांगितलं?… अरे का नाय? मी काय खोटं सांग म्हणते का? झालं ते सांग. काठी त्यानं मारली, तू नाय. त्यानं पायांवर मारली नसती तर आज ती पोरगी… हो, चांगला माणूस असंल. असू दे. तो चांगला हाय म्हणून तू आत जाऊन बसायचं का?

…माझ्यावर वरडू नको.

विठाला सातवा लागलाय, कळतं का तुला? काल सांजंला मला म्हणत होती, आक्का, त्यांना सांगा ना लवकर निघा म्हणून. तिला काय सांगू मी? तुझा नवरा लय मोठ्या मनाचा निघाला, असं सांगू?… हो, कापूस काढला ती तुझी चूक. तुझीच. मी कुठं नाय म्हणते? त्याची जेवढी शिक्षा होईल तेवढी भोग. पण त्याच्या वाटणीची कशाला?

…म्हणजे? काठीनंच ती उभी राहिली ते त्याला म्हाईतच नाय?

त्याला काय वाटतं मग?… पोचायला उशीर झाला. आणखी जोरात धावलो असतो, आणखी जोरात मारलं असतं तर घोडी खाली आली असती… तसंच म्हणतोय? सगळ्यांना?

…

नाय, ऐकू येतंय. कुठं बसलाय तो?… तुला दिसतोय का तिथून?… अन् ती, पोरीची आई?… त्याच्याच खांद्यावर डोकं टाकून… काही खाल्लं का त्यांनी, चहाबिहा?… कसं जाईल घशाखाली.

केरू, तुला एक सांगते. तुझे दाजी गेले ना, तेव्हा दहाव्याला आलेल्या बायांतली एक मला म्हणाली, आदल्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते. सहज बोलून गेली. जेवली, घरी गेली. मी अजून भाकरी थापताना ते ऐकते… नाय, कुणालाच नाय सांगितलं. तुला पण नाय. काय सांगायचं त्यात.

…कळतंय रे मला. सगळं कळतंय. पण तू माझ्या पाठचा हाय. दुसऱ्याची पोर गेली म्हणून माझा भाऊ द्यायचा का मी? मला नाय जमायचं. तू सांग त्यांना, केरू. आत्ता सांग. हात जोडते तुला… काय?… कोणाला?… माझ्याशी? हवालदाराला माझ्याशी काय बोलायचंय?… मालकीण म्हणून?… थांब, थांब, फोन देऊ नको. मी काय सांगायचं त्यांना? केरू, अरे केरू…

…

हां साहेब. नमस्कार… हो, मीच गोजराबाई. घोडी माझीच. आमच्या मालकांची होती, ते वारले, आता माझ्या नावावर हाय… केरू माझा धाकटा भाऊ. तो सांभाळतो तिला… हो, लग्नाच्या वरातीला नेतो. कधी त्र्यंबकला, कधी वणीला, बोलावतील तिथं.

शिकवलेली?… म्हणजे काय शिकवलेली, साहेब?

…कुणी सांगितलं तुम्हाला काठीचं?… भेळवाल्यानं बघितलं, काठी लागली तशी ती उभी राहिली. बरं.

साहेब, ते दोघं तिथंच हाईत का? पोरीचे आईबाप?… समोरच. तुम्ही बोलता ते त्यांना ऐकू जातं का?… बघतायत तुमच्याकडं.

हॅलो… हो, ऐकते साहेब. परत इचारा… पायांना काठी लागली की ती उभी राहते का.

…

नाय साहेब.

नाय. तसलं काय शिकवलेलं नाय तिला. नुस्ती चालते वरातीत… मग ते काय, द्वाडच हाय ती. पहिल्यापासून. वाजंत्री कानावर पडली की बिथरते, मग कुणाचं ऐकत नाय… हो, म्हाईत होतं ना मला. घरची घोडी, मला म्हाईत नसंल तर कुणाला… तरी दिली. समुद्रावर तिच्यावर पोरं बसणार ते पण म्हाईत होतं… भाऊ नको म्हणत होता. मीच पाठवलं त्याला.

काठी मारली असती तरी तेच, नसती तरी तेच. त्या माणसाच्यानं काय, कुणाच्याच्यानं आवरली नसती… हो, सही करते. आज एस्टीनं निघते, उद्या तुमच्यासमोर येऊन करते… कळलं साहेब. कपडे घेऊनच येते.

साहेब, ठेवू नका. एकच. मी आत्ता बोलले ते सगळं लिवा, खाली माझं नाव घाला… गोजराबाई, हां… अन् लिहून झालं की त्या दोघांना मोठ्यानं वाचून दाखवा.