पुरे म्हणेपर्यंत

धुळ्याच्या गाडीसाठी जळगाव स्टँडवर रांग लागली होती. प्रमिलाबाईंच्या पुढे कॉलेजच्या दोन पोरी हसून हसून लाल झाल्या होत्या. त्यांचं कॉम्प्युटर-पुराण प्रमिलाबाईंच्या डोक्यावरून चाललं होतं, पण मध्येच बट्टीचं नाव निघालं आणि त्यांनी कान टवकारले.

"कुसुम, खरंच पास झालीस?"

"झाले गं! नाहीतर बाबूजी या उन्हाळ्यात लग्नच उरकणार होते."

"पण मागच्या वेळी तर अर्धा वर्ग उडाला होता!"

"यंदा सर म्हणाले, पुस्तकं मिटा, आपण पंगत वाढू."

"वर्गात?"

"हो! म्हणाले, कॉम्प्युटर म्हणजे नवखा वाढपी. सांगाल तेवढंच करणार. त्याला बट्टी वाढायला शिकवा."

"तू काय लिहिलंस?"

"पाहुणा 'पुरे' म्हणेपर्यंत वाढत राहा."

"आणि तो नशिराबादचा हिलाल?"

"त्यानं लिहिलं, 'पुरे' म्हटलं की आणखी एक वाढ आणि परत विचार. मशीन थांबेचना! सर ओरडले, अरे, थांबायचं कधी? तर म्हणतो, सर, आमच्याकडे थांबत नाहीत!"

"आई गं! मग?"

"मग काय, परीक्षेत जो तो आधी थांबायचं कधी ते लिहायचा. बठ्ठा वर्ग पास, एकूण एक! हिलालसुद्धा!"

प्रमिलाबाईंनी पिशवीतून डबा काढला.

"पास झालीस ना? घे, तुपातली बट्टी आहे."

कुसुमनं एक खाल्ली, दुसरीही खाल्ली.

"पुरे, मावशी."

"पुरे म्हणालीस ना? मग आता ही एक घ्यावीच लागते."

गाडी लागली, रांग सरकली, तरी त्या दोघी पोरी पोट धरून हसत तिथेच बसलेल्या. आणि प्रमिलाबाईंच्या हातात चौथी बट्टी तयार होती.