तपासणीपुरतं बाळ

देवपूरच्या थांब्यावर कामगार निरीक्षक वाणी डाळमिलच्या तपासणीला निघाले होते. रांगेत पुढे त्याच मिलच्या दोघी होत्या, एकीच्या कडेवर बाळ.

“आज तपासणीना साहेब येई राहिना, वच्छलाबाई. शेठनी पाळणाघर मांडं, चार पाळणा बांधात.”

“पाळणामा पोरं कोना?”

“हाऊ शेजारीनना. साहेबले दाखाडाले आणेल शे.”

“आन साहेब गया म्हणजे पाळणा सोडतीन?”

“तसं नको बोलू. पाळणा ऱ्हाई गयात तर मनी सूनबी कामवर येई.”

बस आली. रांग रेटली. बाळवाली मागे वळली.

“भाऊ, मी चढस तवलोक याले धरा.”

वाणींनी फाइल काखेत दाबून बाळ घेतलं. आत शिरल्यावर तिने हात पुढे केले.

“राहू द्या, अक्का. मिलपर्यंत मीच धरतो.”