चंद्रावरची मजुरी

न्हाई मॅडम, ते 'लेखनातला प्रदीर्घ खंड' वगैरे तुमच्या प्रबंधात लिहा, इथं सरळ विचारा — लिहायचं कावून सोडलं? हेच ना? तुमच्याआधी एक जण आलता विद्यापीठातून, त्यानंबी हेच विचारलं, दोन फोटो काढले आन् कपिलधारचा धबधबा बघाया गेला.

तीस वर्षं झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवलं, त्यातली बावीस वर्षं विज्ञानकथा लिहिल्या. संपादक कळवायचे — शिवशंकर सर, यानात शेरडं कशाला? आता आमच्या गावचा माणूस मंगळावर गेला तर शेरडं न्यायचाच की. पण न्हाई. शेरडं काढली तवा छापली. मग समीक्षक म्हणले, कथेला मातीचा वास न्हाई. हसू नका, कात्रण हाय माझ्याकडं.

बक्षीस? मिळालं ना, एकाच कथेला — 'चंद्रावरची मजुरी'. वाचली तुमी? मग ठावं हाय. चंद्रावर खाण, खाणीत राबणाऱ्या बाया, आन् महिन्याचे चार दिवस काम थांबू नये म्हणून कंपनी भरतीच्या वक्तालाच त्यांची गर्भपिशवी काढून टाकती. परीक्षक म्हणले, काय भयंकर कल्पनाशक्ती. माझी कसली कल्पना — केसरबाईनं सांगितलेलं ते. केसरबाई म्हणजे माझी धाकटी भावजय, सटवाची बायको. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जायचे, थेट कर्नाटकापर्यंत.

दोन हजार आठ साल. गणपती बसले व्हते. दिवाळी अंकाला कथा द्यायची मुदत संपत आलती आन् माझी पाटी कोरी. ह्याच ओसरीवर बसलोतो. ती आली, खांबाला धरून उभी राहिली. म्हणली, मुकादम म्हणतो पिशवी काढून या, मग खाडे व्हत न्हाईत. पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडं गेलते तर तोबी तेच म्हणतो — ठेवली तर कॅन्सर व्हईल. तुमी सायन्सचे मास्तर, तुमाला कळतं. "भाऊजी, करू का?"

सव्वीस वर्षांची व्हती. आन् मी काय करावं? — वही काढली. विचारलं, आणखी कुणी केलंय? तुमच्या टोळीत किती बाया? टाके पडल्यावर किती दिवसांनी मोळी उचलायला लावतात? ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तिला वाटलं, मास्तर नीट चौकशी करायलेत. न्हाई म्हणायला एक शब्द लागतो, मॅडम. असा उगंच कॅन्सर व्हत न्हाई हे मला ठाव न्हवतं? लई चांगलं ठाव व्हतं. पण म्हणलो, बघू, एवढं हातातलं काम उरकू द्या, मग सांगतो. — हे लिहू नका. बरं, लिहा. कथा पोस्टात टाकून आलो त्या दिवशी ती दवाखान्यातून घरी आलती, रिक्षातून, पोटाला उशी धरून.

सत्काराला तिला पुढच्या रांगेत बसवलं. टाळ्या वाजवल्या तिनं माझ्यासाठी. वाचता येत न्हाई तिला. सात वर्षांनी तिच्या पोरीनं, ऋतुजानं, शाळेतून माझं पुस्तक आणलं आन् आईला अख्खी कथा वाचून दाखवली. मला वाटलं आता भांडल, शिव्या देईल, सटवाला सांगल. काय न्हाई. दारात आली आन् एवढंच म्हणली, "म्हणजे ते वाईट हाय हे तुमाला ठाव व्हतं." तिनं विचारलं न्हाई, मॅडम. सांगितलं. तवापासून एक ओळ लिहवली न्हाई. सटवाला अजून माहीत न्हाई.

तिला भेटायचं? कावून? हाय की, मागं हाय, बसल्या बसल्या भाकरी थापती. उभं राहवत न्हाई तिला, पस्तिशीतच कंबर गेली. — न्हाई, न्हाई भेटवणार. तुमी चार गोड शब्द बोललात की ती सगळं सांगून टाकल, शिकलेल्या माणसावर अजून भरवसा हाय तिचा. उठा. लिंबागणेशच्या फाट्यावर बीडची गाडी मिळल.

उठा म्हणलं ना.